शाळेची हद्द कोण आखतो? – शार्लट शहराचा धडा

शिक्षण हा समाजाच्या उन्नतीचा पाया आहे, असे आपण नेहमी म्हणतो. सभांतून आणि स्मरणिकांतून हा विचार पुष्कळदा मांडला गेला आहे. परंतु एखाद्या मुलाला कोणती शाळा मिळणार हे कोण ठरवतो, कोणत्या नियमाने ठरवतो, आणि तो नियम बदलायचा झाला की विरोध कोण करतो व का करतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. अमेरिकेत मात्र याच प्रश्नावर गेली सत्तर वर्षे कोर्टकचेऱ्या, मोर्चे, बहिष्कार आणि प्रसंगी जाळपोळही झाली. त्या झगड्याची ओळख सभासदांना व विशेषतः विद्यार्थी मित्रांना व्हावी, एवढ्यासाठी हा लेख. त्यात आम्ही मुख्यतः एका शहराची हकीकत सांगणार आहोत. ते शहर म्हणजे नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट.

हद्द म्हणजे काय?

अमेरिकेत सरकारी शाळांचा कारभार स्थानिक शिक्षण मंडळाकडे असतो. हे मंडळ बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले असते. मंडळ आपल्या क्षेत्राचा नकाशा घेते आणि त्यावर रेषा आखते. या रेषेच्या आत राहणारी मुले या शाळेत, पलीकडची मुले त्या शाळेत. या रेषेलाच शाळेची हद्द म्हणायचे. पालकाला घराचा भाडेकरार किंवा विजेचे बिल दाखवून पत्ता सिद्ध करावा लागतो आणि पत्त्यावरून शाळा ठरते.

ही रेषा कायमची नसते. एखादी शाळा भरून वाहू लागते, दुसरी ओस पडते, नवी इमारत उभी राहते, जुनी शाळा बंद होते, किंवा निरनिराळ्या वर्णांची व आर्थिक थरांची मुले एकत्र यावीत असे मंडळाला वाटते. अशा वेळी रेषा सरकवावी लागते. ती दोन गल्ल्यांनी सरकली तरी शेकडो कुटुंबांची शाळा बदलते आणि मग वस्ती उठून उभी राहते.

वस्ती एवढी का चिडते, याचे एक कारण पैशाचे आहे. अमेरिकेत शाळांचा बराच खर्च स्थानिक घरपट्टीतून भागतो. शिवाय घर विकत घेणारा माणूस घराबरोबर शाळाही विकत घेत असतो. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी बोस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या अलीकडील आणि पलीकडील घरांच्या किमती ताडून पाहिल्या. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, शाळेचे परीक्षेतील गुण ५ टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के अधिक किंमत मोजतात. म्हणजे मंडळाने नकाशावरची रेषा हलवली की कुणाच्या तरी घराची किंमत हलते.

आणि ज्याला असे घर परवडत नाही त्याचे काय? ओहायो राज्यातील अॅक्रन येथे एका कृष्णवर्णीय मातेने आपल्या दोन मुलींना चांगल्या शाळेत घालण्यासाठी आजोबांच्या घरचा पत्ता दिला. २०११ मध्ये तिच्यावर खटला चालला व तिला नऊ दिवस तुरुंगात काढावे लागले. पुढे राज्याच्या गव्हर्नरांनी तिच्यावरील गुन्ह्याची तीव्रता कमी केली. पण आईने मुलींना शिकायला पाठवले आणि त्यासाठी तुरुंग पाहिला, ही गोष्ट तेथील रेषेची ताकद सांगून जाते.

वस्त्या वेगळ्या कशा झाल्या?

१७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राऊन खटल्याचा निकाल दिला. नऊही न्यायमूर्तींचे एकमत होते. वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणे हे घटनाबाह्य ठरले. कॅन्सस राज्यातील टोपेका गावी लिंडा ब्राऊन या मुलीच्या घराजवळ गोऱ्यांची शाळा होती. तरीही तिला रेल्वेच्या रुळांजवळून चालत जाऊन बस धरावी लागे आणि दूरच्या कृष्णवर्णीयांच्या शाळेत जावे लागे. या खटल्यांत कृष्णवर्णीयांची बाजू मांडणारे थर्गुड मार्शल हे पुढे १९६७ साली त्याच न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले.

निकालाने कायदा बदलला, वस्ती मात्र होती तशीच राहिली. १९३० नंतरच्या दशकात एका सरकारी कर्जसंस्थेने शहरांचे नकाशे तयार केले होते आणि त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने धोक्याच्या म्हणून दाखवल्या होत्या. अशा वस्तीत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त होते. गोऱ्या वस्त्यांतील घरांच्या खरेदीखतांत, हे घर कृष्णवर्णीयाला विकू नये, अशी अट घातलेली असे. न्यायालयांनी अशा अटींची अंमलबजावणी करू नये, असा निर्णय १९४८ साली झाला, तोपर्यंत शहरांची घडण होऊन गेली होती.

आपल्या वाचकांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. गाव एकीकडे आणि वाडा वेशीबाहेर, ही रचना आपण जाणतो. वस्तीच जर आधी भेद करून वसवलेली असेल, तर "ज्या वस्तीत राहता त्याच वस्तीच्या शाळेत जा" हा वरवर निरुपद्रवी दिसणारा नियम जुना भेद पुढच्या पिढीच्या हाती सुपूर्द करतो. मग फळ्यावर वर्णाचा किंवा जातीचा उल्लेख करण्याची गरजच उरत नाही.

शार्लटचा खटला आणि भारताशी त्याचा धागा

ब्राऊन निकालानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर १९५७ मध्ये, डोरोथी काउंट्स ही पंधरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी शार्लटच्या हार्डिंग हायस्कूलमध्ये दाखल झाली. जमावाने तिच्यावर थुंकून आणि दगड फेकून तिचे स्वागत केले. चार दिवसांत आईवडिलांना तिला त्या शाळेतून काढावे लागले.

डॅरियस स्वान आणि त्यांच्या पत्नी व्हेरा हे कृष्णवर्णीय ख्रिस्ती धर्मकार्यकर्ते दांपत्य अनेक वर्षे भारतात होते. १९६४ साली ते शार्लटला परतले. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा जेम्स याला वर्णावरून वेगळे बसवणे म्हणजे काय हे भारतात असताना कळलेही नव्हते. त्याने घराजवळच्या, गोरी व काळी मुले एकत्र शिकत असलेल्या शाळेत जावे अशी आईवडिलांची इच्छा होती. मंडळाने त्याला केवळ कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेची वाट दाखवली. १९६५ च्या जानेवारीत त्यांनी इतर कुटुंबांसह खटला भरला. ज्या देशाने आपल्या कोट्यवधी लेकरांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्या देशात या परदेशी मुलाला भेदाची झळ लागली नाही, आणि स्वतःच्या देशात मात्र लागली. भेद हा रक्तात नसून व्यवस्थेत असतो, हे यावरून विद्यार्थ्यांनी ओळखावे.

खटल्यातील आकडे बोलके आहेत. १९६८-६९ साली शार्लट-मेक्लेनबर्ग मंडळाच्या १०७ शाळांत ८४,००० हून अधिक विद्यार्थी होते. त्यांपैकी २९ टक्के कृष्णवर्णीय होते. शहरात राहणाऱ्या सुमारे २१,००० कृष्णवर्णीय मुलांपैकी १४,००० मुले अशा २१ शाळांत शिकत होती, जिथे ९९ टक्क्यांहून अधिक किंवा सर्वच्या सर्व मुले कृष्णवर्णीय होती. ब्राऊन निकालाला तेव्हा पंधरा वर्षे होत आली होती.

न्यायाधीश जेम्स मॅकमिलन यांनी हद्दी नव्याने आखण्याचा, दूरदूरच्या वस्त्यांच्या शाळा एकमेकींशी जोडण्याचा आणि मुलांना बसने नेण्याचा आदेश दिला. २० एप्रिल १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो उचलून धरला.

"वस्तीची शाळा" ही घोषणा

आदेश निघताच शहर पेटले. चिंताग्रस्त पालकांची म्हणून एक संघटना उभी राहिली, सह्यांच्या मोहिमा झाल्या, बहिष्काराची हाक दिली गेली, आणि विरोधकांनी शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत जागाही जिंकल्या. न्यायाधीशांच्या प्रतिमेला फाशी देण्यात आली. खटला चालवणारे कृष्णवर्णीय वकील ज्युलियस चेंबर्स यांचे कार्यालय फेब्रुवारी १९७१ मध्ये जाळण्यात आले.

विरोधकांची घोषणा होती "वस्तीची शाळा" आणि तक्रार होती बसची. लहान लेकरांना घरापासून लांब का पाठवायचे, असा त्यांचा सवाल होता. आईवडिलांना ही काळजी वाटणे स्वाभाविक आहे, ती खोटी ठरवण्याचे कारण नाही. पण न्यायालयाने आकडे पाहिले. १९६९-७० साली साऱ्या अमेरिकेत सुमारे १ कोटी ८० लाख मुले, म्हणजे ३९ टक्के, बसनेच शाळेत जात होती. खुद्द शार्लटमध्ये आदेशापूर्वी २३,६०० मुले एका वेळेस सरासरी १५ मैलांचा, तासाहून अधिक वेळ घेणारा प्रवास करीत होती. नव्या योजनेत प्राथमिकच्या मुलांचा प्रवास सरासरी ७ मैलांचा आणि फार तर ३५ मिनिटांचा होता. बस आधीपासून होतीच, तेव्हा कुणी मोर्चा काढला नव्हता. विरोध सुरू झाला तो बस कुणाच्या शेजारी नेऊन बसवते हे बदलल्यावर.

येथे न्याय्य बाजूचेही दोष पाहिले पाहिजेत. नव्या योजनेत कृष्णवर्णीय मुले पहिली ते चौथीपर्यंत गोऱ्या वस्तीत जात आणि गोरी मुले पाचवी-सहावीत कृष्णवर्णीय वस्तीत येत. म्हणजे वयाने लहान असलेल्यांना चार वर्षे प्रवास आणि मोठ्यांना दोन. दक्षिणेतील एकीकरणात कृष्णवर्णीयांच्या अनेक शाळा बंद झाल्या आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. शार्लटची सेकंड वॉर्ड हायस्कूल ही कृष्णवर्णीयांची जुनी शाळा १९६९ साली बंद झाली. ती त्या समाजाने मायेने वाढवलेली होती. म्हणूनच विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९३५ सालीच इशारा दिला होता की, शाळा मिश्र की वेगळी यापेक्षा तिथे मुलाला सन्मानाने खरे शिक्षण मिळते का, हे पाहावे. याच ड्यू बॉइस यांच्याशी १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्रव्यवहार केला होता.

विरोध शमला कसा?

शार्लटचा खरा धडा येथे आहे. पहिली तीन-चार वर्षे हद्दी पुन्हा पुन्हा बदलाव्या लागल्या, कारण प्रत्येक योजनेत शहराच्या आग्नेय भागातील श्रीमंत गोऱ्या वस्त्या बऱ्याच अंशी मोकळ्या राहत होत्या. ओझे पडत होते ते कृष्णवर्णीयांवर आणि कामगार वर्गातील गोऱ्यांवर. साहजिकच हे दोन गरीब थर एकमेकांकडे संशयाने पाहू लागले.

अखेर १९७३-७४ मध्ये मॅगी रे यांच्या नेतृत्वाखालील नागरिकांच्या एका सल्लागार गटाने नवी योजना तयार केली. या गटात योजनेचे समर्थक होते तसे विरोधकही होते. योजनेचे तत्त्व साधे होते : ओझे सर्वांनी उचलायचे, श्रीमंत वस्तीनेही. १९७४ च्या उन्हाळ्यात ती स्वीकारली गेली आणि विरोध हळूहळू ओसरला. वेस्ट शार्लट हायस्कूल या पूर्वीच्या कृष्णवर्णीय शाळेत श्रीमंतांची गोरी मुले येऊ लागली. त्याच वर्षी बोस्टन शहरात दंगे सुरू झाले, तेव्हा वेस्ट शार्लटच्या विद्यार्थ्यांनी बोस्टनच्या विद्यार्थ्यांना आपली शाळा पाहायला बोलावले. १९८४ साली अध्यक्ष रेगन यांनी शार्लटला येऊन बसयोजनेवर टीका केली, तर सभा थंड राहिली आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक वृत्तपत्राने, अध्यक्षांचे चुकले, असे अग्रलेखात लिहिले.

बोस्टनला हे का साधले नाही? तेथे न्यायाधीश गॅरिटी यांनी २१ जून १९७४ रोजी आदेश दिला. त्यात साउथ बोस्टनची गरीब गोरी मुले आणि रॉक्सबरीची गरीब काळी मुले एकमेकांच्या शाळांत पाठवली गेली. १२ सप्टेंबरला शाळा उघडल्या आणि साउथ बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले. श्रीमंत उपनगरे योजनेच्या बाहेरच होती. शार्लटमध्ये शहर आणि आसपासचा मुलूख १९६० पासून एकाच मंडळाखाली होता, त्यामुळे पळून जायला जागा कमी होती. बोस्टनमध्ये शहराची वेस ओलांडली की माणूस सुटत असे. २५ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की, उपनगरांनी स्वतः भेद केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. न्यायमूर्ती मार्शल यांनी विरोधी मत नोंदवले. त्या दिवसापासून वेस हीच भिंत झाली.

रेषा परत फिरली

१९९७ साली एका गोऱ्या पालकाने शार्लटच्या मंडळाविरुद्ध दावा लावला. मुलीला वर्णामुळे विशेष शाळेत प्रवेश नाकारला, अशी त्यांची तक्रार होती. १९९९ मध्ये जिल्हा न्यायालयाने ठरवले की जुना भेद आता दूर झाला आहे, म्हणून वर्ण पाहून हद्दी आखता येणार नाहीत. २००२ पासून शार्लट पुन्हा "वस्तीच्या शाळे"कडे वळले. वेस्ट शार्लटमध्ये पुन्हा बहुतांशी गरीब व कृष्णवर्णीय मुले उरली.

या बदलाचा परिणाम बिलिंग्ज, डेमिंग आणि रॉकॉफ या तीन अभ्यासकांनी २०१४ साली मांडला. त्यांनी एकाच वस्तीत राहणारी, पण नव्या रेषेच्या दोन बाजूंना पडलेली मुले ताडून पाहिली. ज्या शाळांत अल्पसंख्य वर्णांची मुले एकवटली, तिथे नेमलेल्या गोऱ्या व काळ्या दोन्ही मुलांचे गुण घसरले आणि अल्पसंख्य मुलग्यांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण वाढले. शेजार तोच, घरे तीच, बदलली ती रेषा.

२०१७ मध्ये शार्लटच्या मंडळाने काही श्रीमंत व गरीब वस्त्यांच्या प्राथमिक शाळा पुन्हा जोडल्या. एका इमारतीत खालचे वर्ग आणि दुसऱ्या इमारतीत वरचे. या वेळीही विरोध झाला, पण जोडणी झाली.

विरोध नेहमी एकाच बाजूने येत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात २०१५ साली हद्द बदलायचे ठरले. पी. एस. ८ ही सुखवस्तू, बहुतांशी गोरी शाळा भरून वाहत होती. जवळच पी. एस. ३०७ मध्ये जागा होती. तिथे सरकारी वसाहतीतील बहुतेक सर्व कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक मुले शिकत. सुखवस्तू पालक म्हणाले, आमच्या मुलांचे नुकसान होईल. ३०७ चे पालक म्हणाले, ही शाळा आम्ही उभी केली. पैसेवाले आले की आमचीच मुले बाहेर पडतील. दोन्ही विरोध सभेत सारखेच दिसतात. पहिला विरोध मिळालेले टिकवण्यासाठी असतो, दुसरा पुन्हा हिरावले जाईल या अनुभवातून आलेला असतो. जानेवारी २०१६ मध्ये बदल मंजूर झाला. मेरीलँड राज्यातील हॉवर्ड कौंटीत २०१९ साली सुमारे ७,००० मुलांच्या शाळा बदलण्याची योजना आली, तेव्हा मोर्चांत गोऱ्यांबरोबर आशियाई वंशाचे पालकही मोठ्या संख्येने होते. स्थलांतरित होऊन, कष्टाने घर घेऊन वर आलेला माणूसही रेषेच्या आत आला की रेषेचा राखणदार होतो, ही गोष्ट आपण स्वतःलाही विचारून पाहावी.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात कोठारी आयोगाने (१९६४-६६) "शेजारशाळे"ची शिफारस केली होती. परिसरातील सर्व मुले, जात, धर्म, श्रीमंती न पाहता, एकाच शाळेत यावीत, असा तिचा अर्थ होता. शब्द तोच, पण अमेरिकेत तो भेद राखण्यासाठी वापरला गेला आणि इथे भेद मोडण्यासाठी सुचवला गेला.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशाच्या २५ टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी राखून ठेवल्या. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जबाबदारीतून सूट मिळाली. कागदावर हा केवळ अंतराचा नियम होता. परंतु शहरांत अशी सरकारी किंवा अनुदानित शाळा बहुधा जवळ असतेच, त्यामुळे पुष्कळ खाजगी शाळांची दारे बंद होणार होती. पालक व संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मे महिन्यात स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. भेद करणारी रेषा नकाशावर नव्हे, तर "१ किलोमीटर" अशा शब्दांतही आखता येते, हे यावरून दिसले.

म्हणून सभासदांनी आपल्या गावात वा प्रभागात शाळा बंद होण्याची, जोडली जाण्याची किंवा प्रवेशाचा नियम बदलण्याची गोष्ट निघाली की चार प्रश्न विचारावेत. लांबचा प्रवास कुणाच्या लेकरांच्या वाट्याला येणार? सूट कुणाला मिळाली? ज्या शाळेत मुले पाठवायची तिथे त्यांना मानाने वागवले जाईल, याची हमी कोण देतो? आणि निर्णय घेणाऱ्या बैठकीत आपले कोण होते? शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने स्थान आहे. त्या बैठकीची नोटीस निघते तेव्हा आपण कामावर असतो, थकलेले असतो, आणि रेषा आपल्या गैरहजेरीत आखली जाते. शार्लटमध्ये तोडगा निघाला तो विरोधक आणि समर्थक एका टेबलाशी महिनोन्महिने बसले म्हणून. विद्यार्थी मित्रांनी ही हकीकत आपल्या घरी सांगावी, आणि पुढच्या बैठकीला आईला किंवा वडिलांना बरोबर घेऊन जावे.